जुनी मॅटॅडोर, टेम्पो नाहीतर ओम्नी परत कामाला लावायची असेल तर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात जरा आतल्या रस्त्यानं फिरा, कुठल्यातरी गुऱ्हाळाच्या मागं नाहीतर बंद पडलेल्या फौंड्रीच्या आवारात एखादी जुनी डिलिव्हरी व्हॅन उभी दिसतेच. मालकाला विचारलं तर म्हणतो, न्या की, पडूनच आहे. आणि आजकाल बरीच पोरं खरंच नेतात, कुणाला चहा-नाष्ट्याची गाडी करायची असते, कुणाला पुस्तकं घेऊन गावोगाव फिरायचं असतं, कुणाला नुसती ती गाडी आवडते म्हणून. मला हे फार चांगलं वाटतंय. पण बहुतेक जण सुरुवात इंजिनापासून करतात, बॅटरी लावली, गाडी चालू झाली, धूर आला, झालं, पैसे देऊन मोकळे. क्रम उलटा पाहिजे. आधी काम ठरवा, मग कागद बघा, मग पत्रा, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. इंजिनाला आपल्या भागात माणसं आहेत, कागद मेलेला असला तर तो जिवंत करायला कुणीच नाही.

दुसरं एक आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. डबा, म्हणजे गाडीची बॉडी, कापायचा नाही. खिडकी पाडायची नाही, छप्पर उचलायचं नाही. का ते पुढं येईलच.

पहिल्यांदा कुठली गाडी कशासाठी केली होती ते समजून घ्या, कारण जे काम तिला जन्मापासून जमतंय तेच दुसऱ्यांदा पण जमतं. तीनचाकी टेम्पो हॅन्सिट आली १९५८ ला, फिरोदियांनी बजाज टेम्पो काढली तेव्हा, जर्मनीत हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीचं डिझाइन. टू-स्ट्रोक इंजिन, ओढ पुढच्या एकट्या चाकाला. आपला बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता, म्हणजे ही गाडी आली तेव्हा सीमा दोनच वर्षांची होती, आणि व्यापार तर कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगड असा पलीकडंच पसरलेला. अशा ठिकाणी ट्रकभर नसलेला माल, दहा-बारा पोती, तेलाचे डबे, कापडाचे गठ्ठे, हे सगळं नेणारी गाडी पाहिजेच होती. आज हॅन्सिट कुठं चांगल्या स्थितीत मिळाली तर तिला धंद्याला जुंपू नका. तीन चाकं, जुने ब्रेक, घाटात जीवाशी खेळ आहे. ती दुकानापुढं सावलीत उभी करा, तिच्या हौद्यातून माल विका, तेवढं पुरे.

मॅटॅडोर साठचं दशक सरताना आली, तीसुद्धा जर्मन घराण्यातलीच. हिची खरी गंमत म्हणजे ओढ पुढच्या चाकांना, त्यामुळं मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट नाही आणि फरशी जमिनीच्या जवळ. माल चढवायला उचलावं लागत नाही, सरकवला की आत. युरोपात सित्रोएनच्या एच व्हॅनला हेच कौतुक मिळालं, १९४७ ला आलेली, पत्र्याला आडव्या-उभ्या पन्हाळ्या पाडून मजबूत केलेली, आत माणूस ताठ उभा राहील एवढी उंच. आज युरोपात त्या जुन्या एच व्हॅनमधून कॉफी आणि खाणं विकतात. फोक्सवॅगनची व्हॅन १९५० पासून, तिची कल्पना बेन पोन नावाच्या डच आयातदारानं १९४७ ला वहीत रेघा मारून दाखवली होती. ती अगदी उलटी, इंजिन मागच्या टोकाला, त्यामुळं मागची फरशी उंच आणि माल चढवायचा बाजूच्या दारानं. सांगायचा मुद्दा, इंजिन कुठं बसवलंय त्याच्यावर आतली जागा ठरते आणि आतल्या जागेवर तुमचा धंदा ठरतो.

मॅटॅडोरला ह्याच रचनेचा एक तोटा पण आहे आणि तो आपल्याकडं जास्त लागतो. सगळं वजन मागं टाकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि चढाला, त्यात पावसात, जागेवर फिरायला लागतात. चोर्ला नाहीतर आंबोली घाटात जायचं डोक्यात असेल तर पाण्याची टाकी, गॅस, जनरेटर हे सगळं ड्रायव्हरच्या मागच्या भिंतीला लावूनच बसवा, शेपटाला नको.

मारुतीची व्हॅन १९८४ ची, १९८८ ला तिचं नाव ओम्नी झालं, २०१९ ला बंद. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना. सगळ्यात स्वस्त, पार्ट कुठंही मिळणार, अगदी बैलहोंगलच्या साध्या दुकानात पण, आणि बाजूची दोन्ही दारं सरकती. गल्लीत उभी करून दार उघडलं की दुकान सुरू. नव्या माणसानं हिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत. महिंद्राच्या एफसी गाड्या, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची स्टँडर्ड ट्वेंटी, ह्या दिसल्या तर सोडू नका पण त्या जपायला घ्या, रोज राबवायला नाही, पार्ट शोधण्यात आयुष्य जाईल.

आता कागद. इथं जरा थांबून वाचा, सीमाभागात सगळ्यात जास्त पैसे इथंच बुडतात.

गाडी केए नंबरची आहे का एमएच का गोव्याची, हे पहिलं. एमएच ०९ ची गाडी कोल्हापुरातून स्वस्तात मिळते आणि कोगनोळीची सीमा ओलांडून घरी येते, तिथपर्यंत सगळं सोपं. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, फॉर्म २८, मग इथं फॉर्म २७, वर इथला टॅक्स. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर बँकेकडून फॉर्म ३५, आणि ती फायनान्स कंपनी कधीच बंद पडलेली असेल तर हे काम विकणाऱ्याच्याच गळ्यात राहू द्या, तो बोजा काढून देईल तेव्हाच पैसे. एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत, विकणारा सख्खा मामा असला तरी.

आरसी जुन्या पुस्तकाची असेल, एमवाय, म्हणजे जुन्या म्हैसूर राज्याच्या नंबरच्या काळातली, तर ती ऑनलाइन दिसेलच असं नाही. नंबर ॲपवर टाकून बघा, नाही आला तर आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्यावी लागते आणि त्याला मूळ पुस्तक लागतं. पुस्तक हरवलं असेल तर पोलिसात तक्रार देऊन फॉर्म २६. चासी नंबर पेन्सिलनं कागदावर घासून घ्या आणि आरसीशी एकेक आकडा जुळवा. इंजिन नंबर पण. जुन्या मॅटॅडोरला इंजिन बदललेलं असणं अगदी नेहमीचं, ते आरसीवर चढवलेलं नसेल तर पुढं फिटनेसला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, गाडी अडकते.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी तपासून वाढते. मालवाहू असेल तर आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी. ह्याच्यावर ग्रीन टॅक्स. फी मधल्या काळात चांगलीच वाढलीये, सौदा करायच्या आधी त्या दिवशीचा आकडा आरटीओच्या खिडकीवर विचारा आणि गाडीच्या किमतीत धरा. सरकारी लिलावातली ॲम्ब्युलन्स, खात्याची व्हॅन दिसायला एकदम मस्त असते, किलोमीटर कमी, पण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी वाढत नाही, त्या स्क्रॅपलाच जायच्या. रस्त्यावर आणायच्या विचारानं त्यात पडू नका.

बरेच जण विचारतात विंटेजचा नंबर मिळेल का. २०२१ चा नियम असा, पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, दुचाकी नाहीतर चारचाकी, आणि खाजगी वापरातली पाहिजे. व्हीए अक्षरांचा नंबर, फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. चासी, बॉडी, इंजिन ह्यात मोठा बदल केलेला नसावा आणि गाडी रोजच्या वापराला, धंद्याला चालत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला एवढीच बाहेर काढायची. म्हणजे तीनचाकी हॅन्सिट बाद, पिवळ्या नंबर प्लेटची, म्हणजे धंद्याला नोंदवलेली मॅटॅडोर बाद. नाष्ट्याची गाडी करायची असेल तर ह्या वाटेला जायचंच नाही.

आणि डबा का कापायचा नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळं. कंपनीनं जशी केली त्याच्यापेक्षा वेगळी रचना परवानगीशिवाय करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण हे कडक करून सांगितलं. बाजूला मोठी खिडकी कापून वर फ्लॅप लावलेल्या गाड्या तुम्ही बघितल्या असतील, त्यांचं फिटनेसला काय होतं ते त्यांच्या मालकांना विचारा. त्यापेक्षा जी दारं आहेत तीच वापरा. ओम्नीचं सरकतं दार आणि मागचं वर उघडणारं दार, मॅटॅडोरची मागची दारं, एवढ्यात सगळं बसतं. आतला ओटा, फळ्या, सिंक हे सगळं एका लोखंडी चौकटीवर करा, चौकट फरशीच्या आधीच्याच भोकांना बोल्टनं धरा, आणि तपासणीच्या दिवशी ती उचलून बाहेर ठेवता आली पाहिजे. दोन माणसांना उचलता येईल एवढे तुकडे करा. ह्यानं कायदा पण सांभाळला जातो आणि गाडीचं मूळ रूप पण राहतं, वीस वर्षांनी कुणाला ती परत जशी होती तशी करायची झाली तर करता येईल.

कागद पूर्ण मेलेले असतील, तर गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही. मालकाकडून आरटीओला लेखी कळवून आरसी रद्द करून घ्या, आणि डबा स्वतःच्या जागेत उभा करून दुकान करा, शेतातल्या भाजीचं, रोपांचं, पोरांच्या वाचनालयाचं. हे पण चांगलंच दुसरं आयुष्य आहे, विम्याशिवाय चोरून रस्त्यावर फिरवण्यापेक्षा लाख पटीनं चांगलं.

पत्रा बघायला जाताना चुंबक, स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च न्या, आणि शक्य असेल तर पावसाळ्यातच जा. जांबोटी, कणकुंबीकडच्या गाड्या वरून चकचकीत आणि खालून संपलेल्या असतात, तिकडचा पाऊस तसाच आहे. अथणी, रायबागकडची कोरड्या हवेतली गाडी रंग उडालेली दिसेल पण पत्रा ठणठणीत, मी तर तीच घेईन. गोव्याचं मासे वाहिलेलं वाहन असेल तर दोनदा विचार करा, बर्फाचं खारं पाणी फरशीच्या फटीतून चासीवर गळत राहतं आणि ते आतून खातं.

चुंबक धरत नाही तिथं पुट्टी आहे. पुढच्या काचेच्या रबराखाली दाबून बघा, पाण्याचा मार्ग तिथूनच असतो. ओम्नीला दाराखालचा पट्टा, सरकत्या दाराचा खालचा रूळ, पुढच्या चाकांच्या कमानी आणि बॅटरीखालचा पत्रा. मॅटॅडोरला ड्रायव्हरच्या पायाखाली आणि मागच्या पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, ब्रॅकेट जिथं चासीला लागतात ती जागा. स्क्रूड्रायव्हर टोचला आणि आत गेला, बाहेरचा पत्रा असेल तर हरकत नाही, पण चासीला किंवा पाट्याच्या ब्रॅकेटला गेला तर सौदा मोडा, कितीही आवडली असली तरी.

टिंकरकडं, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याकडं, गाडी टाकताना एवढं स्पष्ट बोलून घ्या. सडलेला पत्रा कापून नवा बसवायचा, सडक्याच्या वर नवा चिकटवायचा नाही. फरशीला १८ गेज, बॉडीला २० गेज. सीओटू वेल्डिंगनं थोडं थोडं, इंचभर इकडं इंचभर तिकडं, सलग मारलं की पत्रा तापून वाकतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडायची आणि इंधनाची टाकी उतरवायची, ह्यात तडजोड नाही. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, पुट्टीत ती बुजवून टाकतात आणि दोन पावसात दार परत सडतं, ती भोकं मोकळी राहिली का ते डिलिव्हरी घेताना स्वतः काडी घालून बघा. मिस्त्री कन्नड बोलणारा असो का मराठी, शेजारी स्टूल टाकून दोन दिवस बसा, चहा पाजा, काम बघा. तुम्ही बघताय म्हटल्यावर हात वेगळा चालतो.

रंग काढताना घाई करू नका. ह्या गाड्यांवर एकावर एक नावं असतात, आत्ताच्या पांढऱ्याखाली बेकरीचं, त्याच्याखाली दूध डेअरीचं, त्याच्याही खाली एखाद्या पेठेतल्या किराणा दुकानाचं. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासत गेलं की अक्षरं वर येतात. फोटो काढा, अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून उतरवून घ्या. मग त्या पेठेत जाऊन म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवा, ड्रायव्हर कोण होता, कुठल्या लाइनला जायची, रविवार पेठेतनं माल भरून निपाणीला का गोकाकला, हे सांगणारं कुणीतरी निघतंच. हे सगळं एका वहीत तारखेसकट लिहा आणि वही गाडीबरोबर ठेवा. जुन्या घराण्यांची कुलवृत्तांतं आपण जपतो, ह्या गाड्यांनी आपल्या तीन पिढ्यांचा माल वाहिलाय, त्यांचं चार ओळींचं लिहून ठेवायला काय हरकत आहे. अक्षरं चांगली निघाली तर तेवढा चौकोन तसाच ठेवून वरून क्लिअर, म्हणजे बिनरंगी थर, मारा, बाकी गाडी रंगवा.

इंजिन. वर्षानुवर्षं उभ्या डिझेल गाडीला एकदम स्टार्टर मारायचा नाही. जुनं डिझेल काढून टाका, टाकी उतरवून धुवा, तळाला चिखलासारखा गाळ असतोच. फिल्टर नवे, ऑइल नवं. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी हातानं फिरवा. सहज फिरलं तरच पुढं. एखादा बुश, पिन, पुली बाजारात मिळत नसेल तर घाबरायचं काही नाही, जुना नमुना घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत जा, लेथवर करून मिळतो, नाही जमलं तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आहेच. पार्ट हातानं घडवून घ्यायला आपल्यासारखा भाग नाही, हे अभिमानानं सांगतो.

पेट्रोल ओम्नीला इंधनाचे सगळे रबरी पाइप बदला, आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यानं फुगतं, चिरतं, आणि हे पाइप तुमच्या सीटखाली आहेत हे लक्षात ठेवा. एलपीजी किट असेल तर ते आरसीवर आहे का आणि टाकीची टेस्ट पाच वर्षांच्या आतली आहे का बघा. ब्रेकला मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर, रबरी होस, सगळं एकदम नवं, ब्रेक ऑइल पाणी शोषतं आणि पाइप आतून गंजतात. टायर वरून नवा दिसला तरी बाजूला चार आकडे वाचा, २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा, तो टायर घाटात न्यायचा नाही.

खाण्याची गाडी असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी आणि महापालिकेचा फेरीवाल्याचा परवाना लागतो. सिलिंडर कमर्शियलच, घरगुती चालत नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून वरचा पंखा एकटा कामाचा नाही, फरशीच्या पातळीला हवा खेळती पाहिजे, फरशीची जुनी भोकं आहेत त्यातलं एक जाळी लावून उघडं ठेवा. पाणी लिटरला किलो, दोनशे लिटरची टाकी म्हणजे तीन माणसं कायमची बसल्यासारखी, तेव्हा ओम्नीत पन्नासच्या वर जाऊ नका. नावाच्या पाटीवर कर्नाटकात साठ टक्के कन्नड पाहिजे, वर मोठं कन्नड, खाली मराठी, दोन्ही एकाच पेंटरकडून हातानं लिहून घ्या, दोन्ही अक्षरं जोडीनं फार सुंदर दिसतात, आणि गिऱ्हाईक तर दोन्हीकडचं आहेच.

सगळं झालं की आतलं पूर्ण सामान, पाणी भरून, दोन माणसं बसवून वजनासकट गाडी काढा, रिकामी नको. पहिल्यांदा बेळगाव ते खानापूर, सकाळी, सपाट रस्ता. पोचल्यावर लगेच उतरून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये, परत उघडा. खाली वाकून ऑइलचा, पाण्याचा थेंब बघा, पाट्यांचे यू-बोल्ट परत आवळा कारण नव्या वजनानं ते ढिले होतातच. अशा दोन-तीन फेऱ्या कोरड्या गेल्या की मग चोर्ल्याचं बघा, आणि उतरताना ज्या गिअरमध्ये चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवा.